उद्योजकतेच्या तासाला शिकवायचं काय?

प्रश्न : सर, मी माध्यमिक शाळेत वाणिज्य शिकवते. यंदा उद्योजकतेचा स्वतंत्र तास सुरू करायचं ठरलंय. 'मुलांनी नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हावं' असं मुख्याध्यापक म्हणतात. पण हे वर्गात शिकवता येतं का? आणि गुण कशाला द्यायचे?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, 'नोकरी देणारे व्हा' हे भाषणात शोभतं. गरीब देशांत असंख्य तरुण आधीच स्वतःचा धंदा करतात, पण हौसेने नव्हे, नोकरी मिळत नाही म्हणून. बहुतेक धंदे एकट्याच्या जिवावर चाललेले; दुसऱ्याला पगार द्यायची ऐपत त्यांच्यात येत नाही. तेव्हा मुलांना धंद्यात ढकलण्यापेक्षा तो वाढतो कशाने, हे महत्त्वाचं.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाची राजधानी लोमे इथे संशोधकांनी १५०० छोट्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं प्रशिक्षण: हिशेब, विक्री, पैशाचं नियोजन. दुसऱ्याला पुढाकार घ्यायला शिकवलं: कुणी सांगायची वाट न बघता सुरुवात करणं, इतरांपेक्षा वेगळं काही आणणं, पुढची अडचण आधीच हेरणं, अडलं तरी न सोडणं. तिसऱ्याला काहीच नाही. निष्कर्ष २०१७ साली 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आले. पुढाकारवाल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने ११ टक्के, आणि तेही योगायोगाने असू शकतील इतके डळमळीत. जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिलेला मी माणूस, वाचून जरा खट्टूच झालो! अर्थात, ही धंद्यात मुरलेली मोठी माणसं होती, शाळकरी मुलं नव्हेत.

विद्यार्थ्यांचंही सांगतो. नेदरलँड्समध्ये एका महाविद्यालयातल्या मुलांना छोटी कंपनी चालवायला दिली होती. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात कौशल्यात फरक दिसला नाही; उलट उद्योजक व्हायची इच्छा घटली. मुख्याध्यापक हे वाचून तास रद्द करतील. मी नाही करणार. काय काय झेलावं लागतं हे कळून एखादी मुलगी 'मला नको' म्हणाली, तर शाळेने तिला पुढच्या कर्जातून वाचवलं.

भांडवल दिलं की भागतं, असंही नाही. उत्तर युगांडात सरकारने तरुणांच्या गटांना कौशल्य आणि अवजारांसाठी माणशी सरासरी ३८२ डॉलर दिले. चार वर्षांनी त्यांची कमाई ३८ टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिलं, तर ज्यांना काही मिळालं नव्हतं त्यांनी बरोबरी गाठली होती. मधल्या वर्षांत पोटाला जास्त मिळालं, हे काही थोडं नव्हे. पण आयुष्यभराची आघाडी त्यातून मिळाली नाही.

म्हणून पुस्तकातल्या व्याख्या पाठ करून घेऊ नका. मुलांना खरंच काहीतरी विकू द्या, काय विकायचं ते त्यांनीच ठरवू दे. तोटा झाला तर तो भरून देऊ नका. फक्त रक्कम आधीच इतकी लहान ठेवा की घरी कुणाला झळ पोचणार नाही. ज्यांनी माल घेतला नाही त्यांना जाऊन कारण विचारायला लावा. मुलं इथेच सगळ्यात जास्त कचरतात. रोजची रोकडवही मात्र हवीच, त्यात धंद्याचे पैसे आणि खिशातले पैसे वेगळे. (एवढा हट्ट मी सोडणार नाही.)

गुण नफ्याला देऊ नका. नाहीतर ज्याच्या घरी दुकान आहे तोच दरवेळी पहिला येईल. वहीला द्या, आणि माल खपला नाही तेव्हा पुढच्या आठवड्यात त्याने काय बदललं, त्याला द्या.