स्कॅफोल्डला 'मचाण' म्हणावे का?

'मूलपेशींच्या एक्सोसोमचे वितरण करणारे हायड्रोजेलचे मचाण' असे एका अनुवादात आले आहे. एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या, हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे जेल. त्या अनुवादातले 'मचाण' बरोबर का, असा प्रश्न आहे.

नाही. मचाणावर राखण्या बसतो, फार तर शिकारी. बांधकामावरचा माणूस स्कॅफोल्डला परांची म्हणेल, आणि इंग्रजीने हा शब्द बांधकामातूनच उचलला. पण परांची इमारतीबाहेर उभी राहते, काम उरकले की सोडतात. हे जेल जखमेत बसते, पेशी त्याच्या आत शिरून वाढतात आणि ते जागच्या जागी विरते. 'सांगाडा' त्याहून वाईट, कारण सांगाडाच तर मागे उरतो. 'आधारजाळी' लिहावे. अनारशाला पडते तशी जाळी इथे मुद्दाम पाडतात: जेल गोठवून निर्वातात बर्फ उडवला की स्फटिकांच्या जागी भोके राहतात.

घोळ होतो तो पुढे. ही भोके पेशींसाठी, म्हणजे दहा-वीस मायक्रोमीटरपासून शेकड्यापर्यंत. जेलच्या लांब रेणूसाखळ्यांमधली फट मात्र नॅनोमीटरांत मोजायची, आणि एक्सोसोम साधारण 30 ते 150 नॅनोमीटरचे. दोन्हींना 'छिद्र' म्हटले की वाचक बुचकळ्यात पडतो. लहान फटींना 'वीण' म्हणा. वीण घट्ट असेल तर एक्सोसोम अडकतात आणि जेल विरेल तसे सुटतात. सैल असेल तर पहिल्याच दिवशी भसाभस निघून जातात. हळूहळू सुटण्याला 'पाझर' आहेच. 'वितरण' रेशनच्या दुकानात शोभते.

'क्रॉसलिंक'ला, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या दुव्याला, मी 'टाका' म्हणेन. समुद्री शेवाळातल्या सोडियम अल्जिनेटचे 2 टक्के द्रावण घ्या, म्हणजे 100 मिलीलीटरला 2 ग्रॅम. एक्सोसोम त्यातच आधी हलक्या हाताने मिसळायचे, मग कॅल्शियम क्लोराइड. कॅल्शियम साखळ्यांना टाके घालते. ते एकदम ओतले तर बाहेरून साय धरते आणि गाभा पातळ राहतो. एक्सोसोम फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) असतील तर फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते: पांढुरका गाळ बसतो, टाके कमी पडतात, पडलेले उसवतात. म्हणून अनुवादात नुसते 'बफर' लिहून 'फॉस्फेट' गाळणे ही भाषेची चूक राहत नाही, प्रयोगच फसतो.

'स्टेम सेल'ला 'मूलपेशी' चांगला शब्द आहे. स्टेम म्हणजे खोड, मग 'मूल' कसे, असा आक्षेप येतो. पण इंग्रजी शब्द ज्यावरून आला त्या जर्मन 'श्टामत्सेले'मधला 'श्टाम' खोडाइतकाच वंशाचाही आहे.

एक्सोसोम तसाच ठेवावा. 'बहिःकाय' (बाहेरचे शरीर) दिसायला ऐटदार, पण पेशीत आरएनए कुरतडणाऱ्या प्रथिनसंकुलालाही एक्सोसोमच म्हणतात, आणि ते पेशीबाहेर पडतही नाही. कण पेशीच्या नेमक्या कुठल्या भागातून आले हे मूळ लेखात सिद्ध केलेले नसेल, तर 'पेशीबाह्य पुटिका' (पुटिका म्हणजे सूक्ष्म पिशवी) लिहिणे जास्त प्रामाणिक.