चोक ओढल्याशिवाय स्प्लेंडर चालत नाही, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटके मारते, ॲव्हरेज ६० वरून ४५ वर आलं. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर नवा टाका. टाकावा का, आणि हवेचा स्क्रू किती फेरे ठेवावा? मागच्या वर्षी ॲव्हरेज सेटिंग करून घेतली होती.

टाकू नका भाऊ. आधी पूर्ण वाचा, मग ठरवा.

चोक सोडला की गाडी बंद, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटके, आणि ॲव्हरेज पडलं. तुम्ही लिहिलेले हे तिन्ही त्रास एकाच जागेवरून निघतात. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. कमी पडतं म्हणून तुम्ही अर्धा चोक ओढून गाडी हाकता, आणि चोक ओढून हाकलेली गाडी पेट्रोल पिणारच. एक तर पायलट जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, चोंदलाय, नाहीतर इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधल्या बेंडची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, कडक होऊन तिथून बाहेरची हवा आत शिरतेय. जेट साफ करायला कार्ब क्लीनरचा एक डबा लागतो. ओ-रिंग तर त्याहून स्वस्त. एवढ्यासाठी अख्खा कार्बोरेटर बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीने तो उघडूनच पाहिलेला नाही, हे मी इथे बसून सांगतो.

दोन्हींतलं कोणतं ते घरीच कळतं. गाडी स्लोवर चालू ठेवा आणि बेंडच्या सांध्यावर थोडं पाणी शिंपडा. इंजिनचा आवाज लगेच बदलला तर हवा तिथूनच येतेय. बदलला नाही तर मिक्स्चरचा स्क्रू, तुम्ही ज्याला हवेचा म्हणता तोच, आत-बाहेर फिरवून बघा. गरम इंजिनवर तो फिरवूनही स्लोमध्ये काहीच फरक पडत नसेल तर पायलट जेट चोंदलाय असं समजा.

खरं तर मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे. ‘मागच्या वर्षी ॲव्हरेज सेटिंग करून घेतली होती’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते वाचलं आणि माझं डोकं सटकलं, कारण या सेटिंगवरून, म्हणजे ॲव्हरेज वाढावं म्हणून कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी करण्यावरून, आमच्या घरात आजही वाद आहे.

माझे साडभाऊ, म्हणजे साडू, राळेगाव तालुक्यातले. आम्हा दोघांकडे एकाच मॉडेलची स्प्लेंडर. माझ्या गाडीचं आणि घरच्या फवारणी पंपाचं काम मी स्वतः करतो, ते तालुक्याच्या एका मिस्त्रीकडे जातात. त्या मिस्त्रीने त्यांना ॲव्हरेज सेटिंग करून दिली. तेव्हापासून लग्न असो की तेरवी, साडभाऊ भेटले की पहिलं वाक्य हेच, आपली गाडी ७५ देते. मोजायचे कसे तर रिझर्व्ह लागल्यापासून अंदाजाने. मी काही बोललो नाही, वयाने मोठे आहेत.

मग अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघंही सासुरवाडीला आलो. साडभाऊ भर दुपारी पोहोचले, मागे त्यांची बायको, म्हणजे माझी साळी, आणि दोघांच्या मध्ये गव्हाचं पोतं. वडकीकडून हायवेने येताना गाडी वारंवार बंद पडली होती. थोडी थांबवली की चालू व्हायची, पुन्हा थोडी चालली की पिकअप सोडायची. अंगणात उभी केली तेव्हा इंजिनजवळ पाय नेववत नव्हता. सासरे म्हणाले, ऊन लागलं असेल गाडीले. मी म्हटलं, मामाजी, थंडी होऊ द्या, मग पाहू.

इंजिन निवल्यावर मी ठिणगीचा प्लग काढला. मधली चिनी माती चुन्यासारखी पांढरी, आणि तिच्यावर बारीक चमकणारे ठिपके. साडभाऊंनी तो प्लग हातात घेऊन सगळ्यांना दाखवला.

‘पाय, कसा साफ जळून रायला. काजळीचा ठिपका तरी आहे का?’

‘भाऊ, हे साफ नाई जळत, हे भाजून रायलं.’

तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

प्लग बिस्किटी किंवा हलका चॉकलेटी असला पाहिजे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट ओला म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले, तिथे कार्बोरेटरचा संबंध नाही. आणि पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन नको तेवढं तापतंय. पेट्रोल नुसतं जळत नाही, आत येताना ते वाफ होऊन इंजिन थोडं थंडही करतं. ते कमी केलं की तोही आधार जातो.

मी कार्बोरेटर उतरवला. फ्लोटची वाटी, म्हणजे खालची पेट्रोल साठणारी वाटी, उघडली, मेन जेट (मोठ्या रेसवर पेट्रोल देणारा) काढला, मग माझ्या गाडीचाही काढला आणि दोन्ही चहाच्या बशीत शेजारी ठेवले. पितळेचे एवढुसे तुकडे, दिसायला एकच. डोक्यावर कोरलेला आकडा वाचायला मला सासऱ्यांचा चष्मा घ्यावा लागला. साडभाऊंच्या जेटवरचा आकडा लहान होता. उन्हाकडे धरून आरपार पाहिलं तर भोकातला फरक सरळ डोळ्यांना दिसत होता. त्यांच्या मिस्त्रीने दुसऱ्याच कुठल्या गाडीचा बारीक जेट बसवला होता. मिक्स्चरचा स्क्रूही इतका आवळला होता की त्याच्या टोकाला गोल कडं पडलं होतं. असा स्क्रू नंतर कधी नीट सेट होत नाही.

मी म्हटलं, भाऊ, बरोबर नंबरचा जेट टाका. ते म्हणाले, ‘मले पंपावाल्याले पैसे वाटायची हौस नाई.’

आता हे नीट समजून घ्या, कारण गावोगावी याच गैरसमजावर धंदा चालतो. मिक्स्चरचा स्क्रू फक्त स्लोवर आणि ॲक्सिलेटर जरासा उघडेपर्यंत काम करतो. त्यापुढे कार्बोरेटरच्या पिस्टनची सुई, आणि ॲक्सिलेटर जवळजवळ पूर्ण उघडला की मेन जेट. म्हणजे रस्त्यावर तुम्ही जे पेट्रोल जाळता त्यावर त्या स्क्रूचा ताबा फार थोडा आहे. स्क्रू आवळून ॲव्हरेज वाढलं असं कुणी सांगितलं तर त्याने मोजलेलं नाही. आणि मेन जेट बारीक केला की गाडीची ओढ जाते. ओढ गेली की माणूस ॲक्सिलेटर आणखी पिळतो. वाचलेलं पेट्रोल तिथेच परत जातं, वर इंजिन तापतं ते वेगळं. त्या दिवशी हायवेवर डबलसीट, पोतं, मे महिन्याचं ऊन आणि ॲक्सिलेटर पूर्ण उघडा, म्हणजे बारीक जेटचा सगळा भार इंजिनवर.

पोळ्याच्या सुमारास त्यांच्या गाडीची किक हलकी झाली, म्हणजे कॉम्प्रेशन गेलं. गरम इंजिन चालूच होईना. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला, कडेचा तुकडाच उडालेला. व्हॉल्व्ह, सीटचं काम, गॅस्केट, मजुरी, सगळं मिळून पेट्रोलमध्ये कधी वाचलं नसतं एवढं बिल.

साडभाऊ अजूनही म्हणतात की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवर ठेवायची बारीक फट, टाइट होते म्हणून व्हॉल्व्ह जळाला, सेटिंगचा काय संबंध? टॅपेट टाइट असले तर व्हॉल्व्ह जळतो, हे मला मान्य आहे. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही. पण भाऊ, टॅपेटचा टिकटिक आवाज पूर्ण बंद करून देणारा मिस्त्रीही तोच होता. आणि इंजिन जितकं तापेल तितका व्हॉल्व्ह लांबतो, असलेली फटही मिटते. म्हणजे एकाच हाताने दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्ह मारला. यात सेटिंग निर्दोष कशी ठरते ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आज तर ही सेटिंग तेव्हापेक्षाही वाईट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तरी मिश्रण आधीच पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंजेक्शनच्या गाड्या हे थोडंफार सांभाळून घेतात, कार्बोरेटरला डोकं नसतं, भोक आहे तेवढंच. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. नवी पोरं तो उघडायला शिकत नाहीत, म्हणून ‘बदला’ म्हणणं सोपं झालंय. इथेनॉल ओलही ओढतं. पावसाळ्यात शेतीच्या धांदलीत गाडी उभी राहिली, किंवा गावातल्या दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेतलं, की फ्लोटच्या वाटीच्या तळाशी पाणी आणि पिवळा चिकट थर सापडतो. तुमचा पायलट जेट बहुतेक त्यानेच चोंदलाय. वाटीखालचा ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या ग्लासात पेट्रोल घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल.

जेट साफ करताना क्लचच्या केबलची तार त्यात घालू नका. ती स्टीलची आणि जेट पितळेचा, भोक मोठं होतं आणि कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, मग पंक्चरवाल्याकडची हवा मारा. फारच घट्ट बसलं असेल तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार. हवा मारण्याआधी फ्लोट आणि त्याची पिन काढून बाजूला ठेवा.

स्क्रूच्या फेऱ्यांचं विचारलंत. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतो, बहुतेक गाड्यांचा दीड ते अडीच फेऱ्यांच्या आत येतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आधी स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते पाहा. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलवर चालतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेवर चालतो, बाहेर काढला की पेट्रोल कमी होतं. आरएक्स-१०० वर हात बसलेले जुने मिस्त्री सगळ्याच गाड्यांना एअर स्क्रू समजून उलटं फिरवतात. गाडी चांगली गरम करा. स्क्रू बोटाच्या जोराने टेकेपर्यंत आत न्या, आवळू नका. तिथून बाहेर काढत जा. स्लो जिथे सगळ्यात वर जाऊन स्थिर होतो तिथे थांबा, मग स्लोचा स्क्रू कमी करा, आणि एकदा पुन्हा तसंच. रेस देऊन सोडल्यावर आवाज पटकन खाली यावा आणि गाडी बंद पडू नये, झालं काम.

हे दुपारच्या उन्हात सेट केलं तर डिसेंबरच्या पहाटे थोडा चोक लागेलच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर आणि हिवाळ्यात १० पर्यंत, त्या पहाटेची हवा दहाव्या हिश्शाहून जास्त दाट असते. मिनिटभर चोक लागणं हा आजार नाही. दिवसभर लागणं आहे.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहा, अर्ध्या गाड्या तिथेच सुधारतात. एअर फिल्टर, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा फिल्टर तंतूंनी भरतो. तेल लावलेला कागदी फिल्टर धुवू नका, हवाही मारू नका, बदला. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र, ते बंद असलं तर गाडी थोडी पळून बंद पडते आणि झाकण उघडताच फुस्स आवाज येतो. आणि मागचा ब्रेक, स्टँडवर चाक हाताने सुटं फिरतंय का. ब्रेक घासत असताना लोक ॲव्हरेजसाठी जेट बदलत बसतात.

नवा कार्बोरेटर कधीच लागत नाही असं नाही. कार्बोरेटरचा पिस्टन घासून आत खडखडत असेल, बॉडीचे आटे गेले असतील, किंवा कुणी स्क्रू आवळून त्याची सीट फोडली असेल तर बदलावाच लागतो, आणि तेव्हा कंपनीचाच घ्या. डुप्लिकेटमधल्या जेटवर आकडा एक आणि भोक दुसरंच निघतं.

तुमच्या गाडीवर सेटिंग झालीच आहे, म्हणून पायलट जेट साफ करताना मेन जेटही काढायला लावा. त्यावरचा आकडा स्वतः वाचा आणि पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा की मूळचा कोणता. लहान निघाला तर सेटिंग करून देणाऱ्याकडे जाऊन आपला जुना जेट परत मागा. असले जेट मिस्त्री फेकत नाहीत, त्याच्या डब्यात असेलच.