गावात रात्रीची गस्त सुरू करायची आहे, पोलिसांना कसं जोडून घ्यायचं?

आधी पोलीस पाटलांना भेटा आणि बीट अंमलदाराला (आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला) गावात बोलवा. गस्तीवाल्यांची नावं, मोबाईल नंबर आणि फोटो यांची यादी करून ठाणेदारांकडे अर्ज द्या, पोच घ्या. यादीबाहेरचा कुणी गस्तीत नको, पिऊन आलेला तर मुळीच नको.

दोन पाळ्या करा: ११ ते २ आणि २ ते ५. पहाटेची पाळीच ढिली पडते, म्हणून ती आलटून पालटून द्या. चौघांची तुकडी, दोन बॅटऱ्या, शिट्ट्या. वहीत वेळ आणि अनोळखी गाडीचा नंबर लिहा. तपासात तीच वही कामाला येते.

सगळ्यात मोठा धोका अफवेचा. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला २०१८ साली मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. हे विसरू नका. संशयिताला हात लावायचा नाही. अंतर ठेवा, ११२ ला फोन करा. डोळ्यांदेखत घरफोडीसारखा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्र गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे पकडता येतं, पण विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं.