जुना फ्लॅट विकण्याआधी त्यावर चार लाख खर्च करावेत का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला जुना फ्लॅट विकायचाय. मेव्हणे म्हणतायत, छताला पीओपी (प्लास्टरचं खोटं छत), मॉड्युलर किचन आणि दाखवण्यापुरतं भाड्याचं फर्निचर यांवर ४ लाख घाला, १० लाख वाढवून मिळतील. नका घालू. अगदी हेच आमच्या घरात माझा मोठा भाऊ म्हणाला होता. त्याचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगते, कारण दादा आजही नातेवाइकांत वेगळीच हकीकत सांगतो.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, १९८७ सालची इमारत, तळमजला अधिक तीन, आणि आम्ही सगळ्यात वर. बाबा गेले, आईच्या गुडघ्यांना जिने झेपेनात, म्हणून ती दादाकडे पुण्याला गेली आणि घर विकायचं ठरलं. हॉलमध्ये पंख्याच्या हुकाजवळ दर पावसाळ्यात ओल यायची. बाबा दिवाळीच्या आधी तिथले पोपडे खरवडून रंगाचा हात मारायचे, पुढच्या पावसात पुन्हा तेच. गच्चीचा कोबा फुटला होता, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

दादाने एजंटच्या ओळखीचा एक कंत्राटदार आणला. त्याचा सल्ला: खालून पीओपी मारा, स्पॉटलाइट लावा, डाग दिसणारच नाही. मी तेव्हाच म्हटलं, दादा, पाणी वरून येतंय आणि तू खालून झाकण लावतोयस. शिवाय घेणारा माणूस आयुष्याची कमाई घालणार, त्याला हे न सांगता विकायचं? तो म्हणाला, तू भावनेने बोलतेस, बाजार असा चालत नाही. मे महिन्यात लाखाच्या वर रुपये जाऊन पीओपी झालं. स्वयंपाकघरात कडप्प्याच्या ओट्याखाली चकचकीत ट्रॉल्या बसल्या.

जुलैत पाऊस लागला. एका जोडप्याला घर पसंत होतं, टोकनची बोलणी चालली होती. शेवटचं बघायला म्हणून ते सासऱ्यांना घेऊन आले. सासऱ्यांनी आत आल्यावर पहिल्यांदा वर पाहिलं. पीओपीच्या सांध्याला चहाच्या रंगाचा डाग फुटला होता. "वर काय आहे?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "काही नाही काका, रंगाचा दोष आहे." ते पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी एजंटचा फोन आला, पार्टी नाही म्हणते. कारण विचारल्यावर म्हणाला, त्यांचं म्हणणं आहे की हे लपवलंय तर आणखी काय काय लपवलं असेल.

डोंबिवलीत वरच्या मजल्यावर गळती असते, हे डोंबिवलीत घर शोधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. नुसती ओल दिसली असती तर त्यांनी लाख-दीड लाख कमी करून मागितले असते आणि व्यवहार झाला असता. ते गेले ते पीओपीमुळे.

त्यानंतर मी सूत्रं हातात घेतली. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत) स्पष्ट आहे की गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याचं छत आणि गिलावा खराब झाला तर दुरुस्ती सोसायटीने करायची, सभासदाने नाही. कमिटी वर्षानुवर्षं म्हणत होती, वरच्यांनी आपलं आपण बघावं. मी उपविधीची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि सभेत विषय घ्यायला लावला. दिवाळीनंतर जुना कोबा फोडून विटांचे तुकडे, उतार, वॉटरप्रूफिंग असं रीतसर काम झालं. पाणी तुंबवून तपासलं. मग दादाचं पीओपी मी काढून टाकलं. हो, काढून टाकलं. स्लॅब पूर्ण वाळू दिला. ओल्यावर लांबी (पुट्टी) भरली की वर्षाच्या आत पुन्हा पोपडे येतात, कितीही भारी रंग लावा. वाळल्यावर लांबी, आणि साधा ऑफ-व्हाइट डिस्टेंपर.

बाकी जे केलं ते सगळं मिळून पीओपीच्या निम्म्यातही बसलं. मोझॅक फरशीला मशीनने पॉलिश. बाथरूमच्या टाइल्स घासून सांध्यांत नवं सिमेंट. गळके नळ बदलले. पोटमाळा रिकामा केला. आईची पितळेची भांडी, बाबांच्या फायली, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं वाटून टाकलं. यात आईला फार त्रास झाला, ते कुणी हलक्यात घेऊ नये. तिच्या हातानेच तिला काय ठेवायचं ते ठरवू द्या. हॉलमधलं लोखंडी कपाट हलवल्यावर खोली हातभर रुंद दिसायला लागली. बाल्कनीतलं भंगार गेलं आणि स्वयंपाकघरात सकाळचं ऊन यायला लागलं. घर अगदी ओकंबोकंही करू नका. दहा बाय बाराची रिकामी खोली आणखी लहान वाटते आणि भिंतीवरची प्रत्येक रेघ डोळ्यात भरते. एक दिवाण, दोन खुर्च्या, पडदे, बस.

आणि जिना! याबद्दल कुणीच बोलत नाही. तुमच्या घराचं दार उघडण्याआधी माणूस तीन मजले चढून येतो. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, मीटरच्या लोंबणाऱ्या वायरी, गेलेला बल्ब, शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग, हे बघतच त्याचं मत बनतं. मी जिन्याच्या दोन भिंती स्वतःच्या पैशाने रंगवून घेतल्या, सगळे बल्ब लावले. दाराजवळ खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवला. धापा टाकत आलेल्या वयस्कर माणसाला आधी बसवा, मग घर दाखवा. आणि शक्यतो पाण्याच्या वेळेला बोलवा, म्हणजे नळाला धार किती आहे ते त्यांना स्वतः उघडून बघता येतं.

कागदांचं तर भाड्याच्या सोफ्यापेक्षा शंभर पटीने महत्त्व आहे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) बाबांच्या नावावर, आई नॉमिनी. दादाला वाटत होतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नसतं, वारसांचा हक्क राहतोच. म्हणून दादाने आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून ते नोंदवलं आणि मगच घर पुन्हा बाजारात काढलं. मूळ करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदवलेल्या कराराचा सरकारी उतारा), मालमत्ता कराची ताजी पावती, सोसायटीचं ना हरकत पत्र, सगळं एका फाइलमध्ये. भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला दिलेल्या परवानगीचा दाखला) सोसायटीकडून आधीच मागून ठेवा, खरेदीदाराची बँक ते विचारते. सोसायटीने हस्तांतरणासाठी भरमसाट 'डोनेशन' मागितलं तर देऊ नका. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची (सोसायटी हस्तांतरणासाठी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. आमच्याकडे जास्त मागितले होते. मी शासनाचं परिपत्रक दाखवलं, विषय संपला.

पाडव्याला टोकन मिळालं. घेणाऱ्यांना मी स्वतः गच्चीवर नेलं, गळती कुठे होती आणि काय काम केलं ते दाखवलं, बिलाची झेरॉक्स दिली. त्यांनी भावात फारशी घासाघीस केली नाही. घर का आवडलं विचारल्यावर त्या बाई म्हणाल्या, ओट्यावर ऊन येतं आणि बँकेने कागद एका फटक्यात मान्य केले. दादाच्या ट्रॉल्या त्यांनी उघडून पाहिल्या आणि सिलिंडर कुठे ठेवायचा ते विचारलं. आता सांगा, "मी किचन केलं म्हणून भाव आला" हे दादा कशाच्या जोरावर म्हणतो?

हे सगळं जुन्या उपनगरी इमारतीचं झालं. ठाण्याच्या नव्या टॉवरमध्ये शेजारचे दहा फ्लॅट तसेच विकायला असतील तर तिथे सजावटीने थोडा फरक पडत असेलही. उलट तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर रंगसुद्धा काढू नका. घेणारा नव्या इमारतीतल्या जागेचे पैसे मोजतो, तुमच्या भिंतींचे नाही. आणि करायचंच असेल तर पावत्या ठेवा. ओटा किंवा फरशी नवी केली तर भांडवली नफा (घर विकून झालेला, कर लागणारा नफा) काढताना तो सुधारणेचा खर्च म्हणून दाखवता येऊ शकतो, नुसती रंगरंगोटी सहसा धरत नाहीत. हे मात्र सीएला विचारूनच करा. घर २००१ च्या आधीचं असेल तर नफा मोजण्यासाठी लागणारं १ एप्रिल २००१ चं मूल्यांकनही त्यालाच काढायला सांगा.

मेव्हण्यांना एवढंच विचारा, ४ लाख ते स्वतःच्या खिशातून घालतात का, आणि १० लाख वाढून आले तर त्यातून वळते करून घेतात का. आम्ही दादाला हे विचारलं नव्हतं म्हणून पीओपीचे पैसे आईच्या ठेवीतून गेले. ते तिला अजून कुणी परत दिलेले नाहीत.