वाचकांचे प्रश्न : ऑगस्टचे साहित्यिक

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात ऑगस्टमध्ये, त्या महिन्यात जन्मलेल्या मराठी साहित्यिकांचा एकत्रित कार्यक्रम घ्यायचा आहे. कोणाची निवड करावी?

उत्तर : चार नावे पुरेत. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केलेली आहे, म्हणून वाचनाचा आरंभ त्या अर्पणपत्रिकेपासूनच करावा. बालकवी (१८९०) आणि आचार्य अत्रे (१८९८) या दोघांचाही जन्मदिवस १३ ऑगस्ट. एक निसर्गात हरवलेला कवी आणि दुसरा सभा गाजवणारा वक्ता, अशी ही जोडी योगायोगानेच जुळली आहे.

मात्र कार्यक्रमाचा गाभा चौथ्या नावाभोवती उभारावा, असे मला वाटते. बहिणाबाई चौधरी १८८० च्या ऑगस्टमध्ये, नागपंचमीला, जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या निधनानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित अत्र्यांना दाखवले, तेव्हा भारावलेल्या अत्र्यांनी ते प्रकाशित करण्याचा आग्रह धरला. १९५२ मध्ये निघालेल्या त्या संग्रहाला प्रस्तावनाही अत्र्यांचीच आहे. त्यामुळे प्रस्तावनेतील एखादा उतारा आणि त्यापाठोपाठ लेवा गणबोलीत, शक्यतो खानदेशी वाचकाच्या तोंडून, दोन-तीन कविता ऐकवाव्यात. भाषणे कमी ठेवावीत. हारतुऱ्यांत निम्मा वेळ जातोच.