चाळीतून टॉवरमध्ये आलेली आई गप्प का झाली?

"आईला चाळीतल्या खोलीतून पाचशे फुटांच्या घरात आणलं. लिफ्ट आहे, घरातच संडास-बाथरूम आहे, खिडकीतून मस्त वारा येतो. तरी ती दिवसभर पलंगावर बसून असते. जेवण कमी झालंय. विचारलं तर 'करमत नाही' एवढंच म्हणते. हे डिप्रेशन आहे का नुसता हट्ट?"

पुनर्विकासाच्या इमारतीत राहायला गेलेल्या घरांतून असा प्रश्न हमखास येतो. मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचंही काम चालू आहे, त्यामुळे हा प्रश्न पुढेही येत राहणार. इथली केस अशाच घरांतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई एकाहत्तर वर्षांच्या. लग्न होऊन आल्या त्या चाळीतच राहिल्या, आता तेविसाव्या मजल्यावर. घरी मुलगा, सून आणि कॉलेजला जाणारा नातू.

अशा वेळी आधी शरीर तपासायचं, मन नंतर. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-12 या तपासण्या, चालू गोळ्यांची यादी, आणि सहसा राहून जातात ते कान. या आईंचं, म्हणजे आमच्या काकूंचं, बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं आणि डाव्या कानाने ऐकू येणं बरंच घटलेलं. चाळीत सगळे समोर उभं राहून, आवाज चढवून बोलत, म्हणून ते कधी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नव्या घरात बोलणं इंटरकॉमवरून. ते कळेना, म्हणून त्यांनी तो उचलणंच बंद केलं होतं. ज्येष्ठांसाठीच्या 15 प्रश्नांच्या नैराश्य चाचणीत गुण आले 6. पाचच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, म्हणजे उंबरठ्यावरच. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नव्हते. म्हणून बी-12 चे उपचार आणि समुपदेशन एकदमच सुरू झालं.

मग एक कागद. डावीकडे चाळीतला साधा दिवस, उजवीकडे आताचा. कोणाशी, कुठे, किती वेळ बोलणं झालं ते सकाळपासून रात्रीपर्यंत लिहायचं. हे मुलाला न विचारता आईला विचारायचं. मुलाला वाटत होतं, आई गणपतीचे आणि दहीहंडीचे दिवस काढून रडेल. त्यांनी सणांचं नावही काढलं नाही. बीडीडी चाळीत एका मजल्यावर 20 खोल्या, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, संडास सामाईक. सकाळी तिकडे जाऊन यायचं तर निम्म्या मजल्याची दारं ओलांडावी लागत. "कुकर झाला का?" "पोराचा पेपर कसा गेला?" "तुझा पाय काय म्हणतो?" एवढंच बोलणं, मिनिटभराचं. डावा रकाना भरला आणि कागदाच्या मागे गेला. उजवीकडे पाच ओळी, त्यातल्या तीन घरच्यांच्या.

सामाईक संडासासाठी कोणी हळहळत नाही, हळहळूही नये. पण त्या वाटेवरच्या गाठीभेटी त्याच्याबरोबर गेल्या. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी केलेला 1950 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. कोणाची कोणाशी मैत्री होते हे आवडीनिवडींपेक्षा दारांमधल्या अंतरावर आणि जिना कुठे आहे यावर जास्त ठरलं होतं. खालच्या मजल्यावर जिन्यालगत राहणाऱ्यांची वरच्यांशी ओळख जास्त होती. टॉवरमध्ये लिफ्ट उघडते आणि दार बंद होतं. घरं सोडतीने मिळालेली, त्यामुळे चाळीतली शेजारीण आता दुसऱ्या विंगमध्ये. तिच्याकडे जायचं तर आधी फोन, मग लिफ्टने खाली, वॉचमनची वही, पुन्हा लिफ्टने वर. भेट ठरवावी लागते, आणि ठरवून जायचं तर काहीतरी कारण लागतं.

म्हणूनच मुलाने केलेले उपाय लागू पडले नाहीत. मोठा टीव्ही आणला, स्मार्टफोन दिला, ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं. पन्नास अनोळखी माणसांच्या हॉलमध्ये आई दोनदा बसून आल्या, तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. करमणूक कमी पडतच नव्हती.

सुनेचं म्हणणं मात्र अगदी उलटं होतं, आणि ते ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिला कडी लागणारी खोली मिळाली होती. चाळीत नवरा-बायकोचं भांडण समोरच्या खोलीत ऐकू जायचं, आलं-गेलं कोण याची नोंद सगळा मजला ठेवायचा. सासूने "दार उघडं ठेव" म्हटलं की तिला तेच दिवस आठवायचे. एकच घर एकीला सुटका आणि दुसरीला कोंडवाडा वाटत होतं, दोघींचंही खरं होतं. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी सुनांना एकदा जरूर विचारावं.

तोडगा निघाला तो असा. संध्याकाळी एक तास लाकडी दार उघडं आणि जाळीचं सेफ्टी डोअर आतून बंद. हॉल आणि आतल्या खोल्यांच्या मध्ये पडदा. पहिला आठवडा फुकट गेला, कारण पाच वाजता पॅसेजमध्ये कोणीच नसायचं. वॉचमनला विचारल्यावर कळलं, वर्दळ साडेसहा ते साडेसात. मुलं क्लासवरून येतात, कामावरची माणसं परततात. वेळ बदलली आणि समोरच्या घरातली मुलगी जाळीपाशी थांबायला लागली. वेळ नेमताना वर्दळ बघायची, आपली सोय नाही.

दुसरं, खाली पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत) रोज त्याच बाकावर, त्याच वेळी. हातात काम हवंच. वाती वळणं, मेथी निवडणं, काहीही. हात रिकामे असले की अनोळखी माणसाशेजारी बसणं अवघडतं. निदान तीन आठवडे निकाल मागायचा नाही. इथे एक अडचण उशिरा कळली. काकूंना एकटीने लिफ्टमधून जायची भीती होती आणि ते सांगायची लाज. नातवाने चार दिवस बरोबर जाऊन आपल्या मजल्याचं बटण, अलार्मचं बटण आणि वीज गेल्यावर काय करायचं ते दाखवलं. पाकिटात विंग, घर नंबर आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवली.

तिसरं, जुन्या मजल्यावरच्या चौघी कुठे आहेत ते शोधून दर गुरुवारी पाळीने एकीकडे पाऊण तास भजन. फक्त चहा. खायला करायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. एकीने उपमा केला की दुसरी साबुदाणा वडे करते आणि दोन महिन्यांत भजनापेक्षा घरच्यांची कटकट जास्त होते.

पॅसेजमध्ये खुर्च्या टाकण्याचा मोह होतो. टाकू नयेत, आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट. रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला मोकळ्या ठेवलेल्या जागेतही, सतरंज्या नकोत. त्याऐवजी तळमजल्याच्या लॉबीत पाठ आणि हात असलेले बाक मागावेत, बैठक साधारण दीड फूट उंच. त्याहून खाली असेल तर गुडघे धरलेल्या माणसाला उठवत नाही. नुसतं तोंडी सांगून होत नाही. दहाबारा सह्यांचा लेखी अर्ज सेक्रेटरीला द्यायचा, पोच घ्यायची आणि कमिटीच्या इतिवृत्तात तो विषय आला का ते बघायचं.

यातलं काहीही पुरेसं नसतं अशीही घरं असतात. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-जेवण बिघडलेलं, अंघोळ टाळणं, "मी गेले तर बरं" अशी भाषा, किंवा तारीख-वार-माणसं विसरणं दिसलं तर बाक आणि भजनाची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

काकूंचे नैराश्य चाचणीतले गुण तीन महिन्यांनी 3 वर आले. कानाला मशीन लागलं. घर अजून पुरतं आपलं वाटत नाही म्हणतात. मध्येच मुलाचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, चपलांच्या स्टँडवरून आईचं समोरच्या बाईंशी कडाक्याचं वाजलं, आता काय करू? त्याला सांगितलं, मध्ये पडू नका, शेजार असला की वाजायचंच. स्टँड तेवढा आत घ्या. पॅसेज मोकळाच ठेवायला हवा, त्या बाईंचं बरोबर आहे.