चार स्टिक लावल्यावर 6000 ची रॅम 3600 वरच का चालते?

तुमचा सेटअप असा: रायझन 5 7600 प्रोसेसर, बी650 मदरबोर्ड आणि डीडीआर5 6000 च्या 16 जीबीच्या चार स्टिक, म्हणजे दोन-दोनची दोन पाकिटं. विंडोजचा टास्क मॅनेजर रॅमचा वेग 3600 दाखवतो आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या आतला मूळ प्रोग्राम) एक्स्पो, म्हणजे रॅमला पाकिटावरचा वेग लावणारी सेटिंग, चालू केलं की स्क्रीन काळी. रॅम खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, अजून तरी तसं मानायला काही कारण दिसत नाही.

रायझन 7000 मालिकेसाठी एएमडीने अधिकृतपणे दिलेला वेग दोन स्टिकना 5200 आणि चार स्टिकना 3600 आहे. तुमचा पीसी नेमका तेवढ्यावरच चालतोय. पाकिटावरचा 6000 हा आकडा रॅम बनवणाऱ्या कंपनीचा. तो एक्स्पो लावल्यावरचा आणि एकाच पाकिटातल्या दोन स्टिकपुरता. प्रोसेसरच्या हिशेबी ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं.

रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याला चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे रस्ते, दोनच. चार स्टिक लावल्या की प्रत्येक चॅनेलवर दोन-दोन येतात, सिग्नलवरचा भार वाढतो आणि इतक्या वेगात सिग्नल स्वच्छ पोचत नाही. डीडीआर4 च्या काळात चार स्टिक 3200 वर बऱ्याचदा निमूट चालायच्या, म्हणून ‘चारही स्लॉट भरून टाका’ हा सल्ला अजून फिरतो. डीडीआर5 ला तो लागू पडत नाही आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता करायचं काय? आधी बोर्डाच्या साइटवरून बायोस अपडेट करा, जुन्या बायोसवर मेमरीची कटकट जास्त असते. मग पीसी बंद करून, प्लग काढून एका पाकिटाच्या दोन्ही स्टिक बाजूला ठेवा. उरलेल्या दोन, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा (बोर्डावर बहुतेक वेळा ए2, बी2 लिहिलेलं असतं). एक्स्पो चालू करून सेव्ह करा. इथे धीर धरा. स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील, कारण बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे नव्या वेगाला रॅमशी जुळवून घेत असतो. पुष्कळ लोक याच वेळी घाबरून पॉवरचं बटण दाबतात. पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही, तरच सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसून मूळ पदावर आणा.

चालू झालं की टास्क मॅनेजर बघा. सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 3000 दिसलं तर दचकू नका, तिथे निम्मा आकडा येतो. मग रात्रभर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा. एकही एरर चालणार नाही. डगमगती रॅम कधीतरी फाइली खराब करते. दुसरं पाकीटही असंच वेगळं तपासा. दोन्ही पाकिटं आपापली 6000 वर चालली तर दुकानदाराचा दोष नाही. एखादं पाकीट दोनच स्टिकवरही अडलं, तर त्यातली एकेक स्टिक लावून बघा आणि मग वॉरंटीचं बोला.

64 जीबी खरंच लागत असेल तर ही पाकिटं विकून 32 च्या दोन स्टिकचं एकच पाकीट घ्या, माझं स्पष्ट मत हेच. चारच ठेवायच्या असतील तर एक्स्पो लावून वेग हाताने 4800 वर आणा, टिकला तर 5200 बघा, आणि प्रत्येक वेळी मेमटेस्ट. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) मात्र 1.3 व्होल्टच्या वर नेऊ नका. 2023 मध्ये काही रायझन प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ती मर्यादा घातली.

फरक किती पडेल? कागदावर 3600 ला सेकंदाला 57.6 जीबी, 6000 ला 96. गेम खेळत असाल तर जाणवेल. ब्राउझर आणि एक्सेलपुरता पीसी असेल तर आहे तसाच बिनधास्त वापरा.